नोकरीच्या ठिकाणी लसीची सक्ती आणि कर्मचाऱ्याचे कायदेशीर हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या साथीत हा विषय घराघरांत पोहोचला. साथ ओसरली तरी प्रश्न थांबलेले नाहीत, कारण रुग्णालये, खाद्यपदार्थांचे कारखाने, उपाहारगृहे आणि जहाज कंपन्या आजही कर्मचाऱ्यांना लसीचे प्रमाणपत्र मागतात. खालील उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील नोकरदारांसाठी आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता (जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणारे नवे कायदे; पुढे येणाऱ्या वेतन संहिता आणि औद्योगिक संबंध संहिता त्यांपैकीच) लागू झाल्या असल्याने, आपला वाद त्या तारखेच्या आधीचा आहे की नंतरचा, हे सर्वप्रथम पाहावे.

१. मालक माझ्या इच्छेविरुद्ध मला लस टोचून घ्यायला लावू शकतो का?

नाही. जेकब पुलियल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने २ मे २०२२ रोजी स्पष्ट केले की, शरीराची अखंडता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) भाग आहे आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते की, संमतीशिवाय लसीकरण करावे असे आपल्या मार्गदर्शक सूचनांत कोठेही अभिप्रेत नाही. मात्र व्यवहारात कोणी हात धरून सुई टोचत नाही. वाद पेटतो तो नकारानंतर काय होते यावर, आणि त्याची उत्तरे प्रश्न २, ६ आणि ७ मध्ये आहेत.

२. मग ‘लस घेतली नाही तर कामावर येऊ नका’ असे सांगणे बेकायदा ठरते का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे की, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते. परंतु त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू रास्त हवा आणि ती धोक्याच्या प्रमाणात असावी. या तीन कसोट्यांपैकी तिसरीवर कोविडकाळातील निर्बंध अडखळले, कारण लस न घेतलेल्या व्यक्तीकडून होणारा संसर्ग लस घेतलेल्या व्यक्तीकडून होणाऱ्या संसर्गापेक्षा अधिक आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयासमोर ठेवली नाही.

म्हणून आपल्या मालकाचा आदेश वाचताना आधी विचारावे की, हा आदेश कोणत्या कायद्यावर, नियमावर किंवा सेवाशर्तीवर उभा आहे. त्यानंतर आपल्या प्रत्यक्ष कामाशी त्याचा संबंध तपासावा. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील परिचारिकेला लागू होणारा युक्तिवाद घरून काम करणाऱ्या लेखापालाला लागू होत नाही. दोघांना एकाच परिपत्रकात बसवणारा मालक न्यायालयात अडचणीत येण्याची शक्यता बरीच असते.

३. ‘सर्वोच्च न्यायालयाने सगळी सक्ती रद्द केली’ असे व्हॉट्सॲपवर वाचले. ते खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. न्यायालयाने कोविड लसीकरणाचे धोरण वैध ठरवले. ते अवाजवी किंवा मनमानी आहे, असे म्हणण्यास नकार दिला. निर्बंधांबाबत त्या वेळच्या परिस्थितीपुरते मत देताना, संसर्गाचे प्रमाण कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांवर निर्बंध लादू नयेत आणि आधी लादलेले मागे घ्यावेत, असे सुचवले. खासगी आस्थापना व शिक्षणसंस्थांनीही आपल्या आदेशांचा फेरविचार करावा, असे त्यात म्हटले आहे. ‘सुचवले’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. उद्या वेगळा रोग आणि वेगळी लस आली, तर हाच निकाल जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरू नये. त्यातील कसोटी मात्र लागू होईल.

४. आमची कंपनी खासगी आहे. मूलभूत हक्क तिच्याविरुद्ध सांगता येतात का?

मूलभूत हक्क परंपरेने शासनाविरुद्ध मागितले जातात. कौशल किशोर प्रकरणात ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने बहुमताने सांगितले की, अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क शासनाव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतात. तत्त्व म्हणून हे मोठे आहे. तरीही प्रत्येक खासगी कंपनीविरुद्ध उच्च न्यायालयात थेट रिट याचिका टिकेल, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि केवळ ‘अनुच्छेद २१’ लिहून पाठवलेल्या ई-मेलने मालक हलत नाही. खासगी नोकरीत खरा आधार श्रम कायदे, स्थायी आदेश (आस्थापनेतील नोकरीच्या अटी व शिस्तीचे कायद्याने ठरलेले लेखी नियम) आणि नेमणूकपत्र यांचा असतो. कर्मचारी घटनेवर वाद घालत बसतात आणि कामगार कायद्यातील मुदत निघून जाते, हे फार वेळा घडते. मुदतींसाठी प्रश्न १७ पाहावा.

५. कायद्यानेच लस आवश्यक असलेल्या नोकऱ्या आहेत का?

आहेत, आणि याच ठिकाणी सर्वाधिक गोंधळ होतो.

अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या चौथ्या अनुसूचीनुसार, अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि टायफॉइडसारख्या आतड्यांच्या संसर्गजन्य रोगांवरील लस त्यांना दिलेली असावी लागते. त्याची नोंद तपासणीसाठी ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची आहे. त्यामुळे उपाहारगृहाच्या किंवा कारखान्यातील कँटीनच्या मालकाने ही लस मागितली, तर ती त्याची मर्जी नसते. नोंद नसल्यास त्यालाच उत्तर द्यावे लागते.

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांची रचना वेगळी आहे. तेथे हेपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसह कचरा हाताळताना होऊ शकणाऱ्या रोगांपासून संरक्षणासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांचे व कचरा हाताळणाऱ्यांचे लसीकरण करून देण्याचे कर्तव्य रुग्णालयावर टाकलेले आहे. नियमाचा रोख कामगाराच्या संरक्षणावर आहे. शिक्षेचे हत्यार म्हणून तो वापरणे हा त्याचा विपर्यास होय.

तिसरा प्रकार प्रवासाचा. पिवळ्या तापाचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी वा दक्षिण अमेरिकी देशांत जाणाऱ्या खलाशांना आणि अभियंत्यांना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार प्रमाणपत्र लागते. कोकणातील व गोव्यातील दर्यावर्दी कुटुंबांना ते पिवळे पुस्तक चांगले परिचयाचे आहे. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध असते. म्हणून ‘दहा वर्षे झाली, पुन्हा टोचून घ्या’ असे सांगणाऱ्या एजंटाला हा नियम दाखवावा. वैद्यकीय कारणाने ही लस घेता येत नसल्यास तसे प्रमाणपत्र देण्याची सोयही त्याच नियमांत आहे. मात्र ते स्वीकारायचे की नाही, हे ज्या देशात जायचे तेथील अधिकारी ठरवतात.

या तिन्ही ठिकाणीसुद्धा प्रश्न १ चे उत्तर बदलत नाही. नकार देणाऱ्याला ते विशिष्ट काम किंवा तो विशिष्ट प्रवास नाकारता येतो, एवढेच.

६. लस घेतली नाही म्हणून माझा पगार थांबवला. आणि रुग्णालयातील माझ्या बहिणीच्या पगारातून लसीचे पैसे कापले. हे चालते का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. वेतनातून कोणत्या रकमा कापता येतात, याची यादी कायद्यात दिलेली आहे. पूर्वी ती १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होती, आता वेतन संहितेच्या कलम १८ मध्ये आहे. मालकाने स्वतःच्या कायदेशीर कर्तव्यापोटी दिलेल्या लसीची किंमत त्या यादीत बसत नाही. आपल्या बहिणीने रकमेचा परतावा लेखी मागावा.

पगार थांबवण्याचा प्रश्न थोडा अवघड आहे. केलेल्या कामाचे वेतन रोखता येत नाही. लसीचे प्रमाणपत्र आणेपर्यंत मागच्या महिन्याचा पगार अडकवून ठेवणे हे सरळ उल्लंघन आहे. परंतु फाटकावरच अडवले गेल्यामुळे काम झालेच नाही, अशा दिवसांसाठी मालक ‘काम नाही, वेतन नाही’ असे म्हणतो आणि कर्मचारी ‘मी हजर होतो, तुम्ही काम दिले नाही’ असे म्हणतो. अशा वेळी पुरावाच निर्णायक ठरतो. रोज वेळेवर जावे, अडवले गेल्याची नोंद त्याच दिवशी ई-मेलने किंवा पोचपावतीच्या पत्राने करावी आणि घरून काम शक्य असल्यास ते करण्याची तयारी लेखी कळवावी. चिडून घरी बसलेल्या कर्मचाऱ्याची गैरहजेरी मात्र गैरहजेरीच ठरते.

सार्वजनिक संस्थाही या मोहापासून दूर राहिल्या नव्हत्या. ठाणे महापालिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली मात्राही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याचा निर्णय जाहीर केला होता.

७. लस नाकारणे हे ‘गैरवर्तन’ ठरवून नोकरीवरून काढता येते का?

गैरवर्तनाची व्याख्या स्थायी आदेशांत किंवा सेवानियमांत असते. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व असे की, स्थायी आदेशांत न लिहिलेले वर्तन मालकाला मागाहून गैरवर्तन म्हणून दाखवता येत नाही. ‘लस न घेणे’ असे कलम बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून मालक ‘वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा’ या कलमाचा आधार घेतो. मग आदेश कायदेशीर होता का आणि वाजवी होता का, हेच सिद्ध करावे लागते, आणि आपण पुन्हा प्रश्न २ मधील कसोट्यांपाशी येतो.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर आरोपपत्र, उत्तराची संधी, चौकशी आणि साक्षीदारांची उलटतपासणी या पायऱ्या गाळता येत नाहीत. चौकशीदरम्यान निलंबित केल्यास पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढे, विलंब कर्मचाऱ्यामुळे झालेला नसल्यास, ७५ टक्के निर्वाह भत्ता देय असतो. आमच्या मते लसीच्या वादात कर्मचाऱ्याची सर्वांत भक्कम बाजू बहुधा लसीविषयीच्या मतात नसून या प्रक्रियेत असते. लस सुरक्षित आहे की नाही यावर पानेच्या पाने लिहिणारे उत्तर वाचताना न्यायाधीशाला काहीच ठरवता येत नाही. ‘चौकशी झालीच नाही’ या एका वाक्यावर आदेश रद्द होऊ शकतो.

ही संरक्षणे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहेत. व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच औद्योगिक संबंध संहितेनुसार महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. त्यांना सामान्यतः करारभंगाची नुकसानभरपाई मागता येते. नोकरी परत मिळवणे कठीण असते. तथापि व्हिजिटिंग कार्डावरील ‘मॅनेजर’ या शब्दाने न्यायालय बांधले जात नाही. प्रत्यक्ष काम काय होते, हे पाहिले जाते.

८. कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तर देऊ की दुर्लक्ष करू?

उत्तर द्यावेच, आणि मुदतीत द्यावे. हवाई दलातील लसनकाराचे प्रकरण २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात आले, तेव्हा केंद्र सरकारने सांगितले की, देशभरात नऊ जणांनी लस नाकारली होती आणि त्यांपैकी नोटिशीला उत्तर न देणाऱ्या एकाला सेवेतून काढण्यात आले.

उत्तर थोडके असावे: आदेशाचा कायदेशीर आधार व प्रत मागावी, वैद्यकीय कारण असल्यास प्रमाणपत्र जोडावे, मास्क, चाचणी, वेगळी पाळी किंवा घरून काम यांपैकी जे शक्य असेल ते स्वतःहून सुचवावे आणि सुनावणी मागावी. पर्याय सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला हटवादी ठरवणे मालकाला जड जाते. लसनिर्मात्यांच्या कटाविषयीची सोशल मीडियावरील माहिती उत्तरात जोडू नये.

९. एचआरने केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतला. आता काय?

त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, तो दबावाखाली घेतल्याचे आणि मागे घेत असल्याचे ई-मेलने कळवावे. राजीनामा स्वीकारून तो अमलात येण्यापूर्वी मागे घेतल्यास आपली बाजू बरीच बळकट होते. दोन महिने गप्प राहून, पूर्ण आणि अंतिम हिशेबाची रक्कम घेतल्यावर केलेली तक्रार ऐकली जाते, पण तिच्यावर विश्वास बसणे अवघड असते.

१०. मी कंत्राटदाराकडे आहे. कंपनीने फाटकावर अडवले आणि कंत्राटदार म्हणतो, ‘माझ्या हातात काही नाही.’

आपला नियोक्ता कंत्राटदार आहे. त्याने दुसऱ्या ठिकाणी काम द्यावे किंवा कायदेशीर प्रक्रिया करून सेवा संपवावी. केलेल्या कामाचे वेतन त्याने दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्या कंपनीत आपण काम करता तिच्यावर, येते. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत असल्यास तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे.

११. सोसायटीने घरकामाला येणाऱ्या बायकांना प्रमाणपत्राशिवाय प्रवेश बंद केला. त्यांना काही हक्क आहे का?

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, पण तो कल्याणकारी योजनांचा आहे. नोकरीची हमी तो देत नाही. सोसायटीच्या समितीला मात्र आरोग्यविषयक निर्बंध घालण्याचा स्वतंत्र वैधानिक अधिकार नाही, आणि शासनाचा आदेश लागू नसताना केवळ ठरावाच्या जोरावर एखाद्या बाईची रोजीरोटी अडवणे समर्थनीय नाही. अशा प्रसंगी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करण्याचा मार्ग तिला काम देणाऱ्या सभासदाला खुला असतो, आणि सभासदांनी तो वापरायला हवा. ज्या समित्या बायकांकडे प्रमाणपत्र मागत होत्या, त्यांनी सभासदांकडेही तितक्याच कडकपणे ते मागितले होते का, हे तक्रारीत अवश्य विचारावे.

१२. मला गंभीर ॲलर्जी आहे किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा आजार आहे. आजार न सांगता सूट मागता येते का?

तज्ज्ञ डॉक्टरांचे ‘अमुक लस वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढे प्रमाणपत्र पुरेसे असावे. संपूर्ण केसपेपर देण्याची गरज नसते. एचआयव्हीसंबंधी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार सूचित संमतीशिवाय कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही, तसेच त्या कारणावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचा आधार मिळतो. त्याच्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनांवर वाजवी सोयी देण्याचे बंधन आहे, आणि समान संधी धोरण तयार करण्याचे बंधन खासगी आस्थापनांनाही लागू आहे.

गरोदर महिलांसाठी कोविड लस भारतात २ जुलै २०२१ पासून खुली झाली. त्याआधी गरोदर कर्मचारीला लस नाही म्हणून घरी बसवणे म्हणजे शासनानेच न दिलेली गोष्ट तिच्याकडून मागणे होते. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणे तर कायद्याने स्वतंत्रपणे निषिद्ध आहे.

१३. धार्मिक कारणाने लस नाकारता येते का?

अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य आरोग्याच्या अधीन आहे, असे त्या अनुच्छेदातच म्हटले आहे. अमेरिकेप्रमाणे नोकरीत धार्मिक सूट देण्याची वेगळी तरतूद आपल्याकडे नाही. संमतीचा हक्क धर्मावर अवलंबून नसल्याने प्रश्न १ चा आधार अधिक उपयोगी पडतो.

१४. लस न घेतलेल्यांची यादी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. हे योग्य आहे का?

नाही. प्रमाणपत्र तपासणे आणि ते जाहीर करणे यांत मोठे अंतर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत आरोग्यविषयक स्थिती व वैद्यकीय नोंदी संवेदनशील वैयक्तिक माहिती मानल्या आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्यास मुभा आहे, पण ग्रुपवर नावे झळकवणे त्या कारणात बसवणे अवघड आहे.

१५. सहकाऱ्याने बनावट प्रमाणपत्र दिले. नंतर पकडला गेला, तर लस ऐच्छिक होती हे कारण चालेल का?

चालणार नाही. नकार देण्याचा हक्क म्हणजे खोटे कागद देण्याचा हक्क नव्हे. बनावट दस्तऐवज वापरणे हा भारतीय न्याय संहितेखालील गुन्हा आहे आणि अप्रामाणिकपणा हे गैरवर्तन बहुतेक स्थायी आदेशांत लिहिलेले असते. नकळत फसलेल्यांची गोष्ट वेगळी. कांदिवलीतील एका गृहसंकुलात मे २०२१ मध्ये बनावट लसीकरण शिबिर झाले, तेव्हा रहिवाशांनी पैसे मोजून विश्वासाने टोचून घेतले होते. अशा व्यक्तीने पोलीस तक्रारीची प्रत मालकाला द्यावी.

१६. कंपनीच्या शिबिरात लस घेतली आणि आजारी पडलो. भरपाई मिळते का?

प्रथम लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद करून घ्यावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत असल्यास आजारपणाचा लाभ अंशदानाच्या अटी पूर्ण केल्यावर वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कारण लस होती की नव्हती, याचा तेथे प्रश्न येत नाही. गंभीर इजेसाठी भरपाई मागताना ती इजा नोकरीतून व नोकरीदरम्यान उद्भवली, हे दाखवावे लागते. मालकाचा लेखी सक्तीचा आदेश हाती असेल, तर हा दुवा जोडणे सोपे होते. ‘ऐच्छिक शिबिर’ असे परिपत्रक असेल, तर कठीण. कोविड लसीनंतरच्या मृत्यूंबाबत शासन जबाबदार नाही आणि दिवाणी दाव्याचा मार्ग खुला आहे, अशी भूमिका केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घेतली होती.

१७. तक्रार कोठे आणि किती दिवसांत करायची?

महाराष्ट्रातील कामगारासाठी १९७१ चा अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा सर्वांत धारदार ठरत आला आहे; त्याखाली घटनेपासून ९० दिवसांत तक्रार करावी लागते आणि उशीर झाल्यास पुरेसे कारण द्यावे लागते. बडतर्फीचा वाद सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी नेता येतो, परंतु औद्योगिक संबंध संहितेनुसार वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही होऊ शकत नाही. वेतनाच्या दाव्यासाठी वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात ती १२ महिन्यांची होती.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे आणि केंद्राच्या कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे साधारणतः एक वर्षात जावे लागते. अनुच्छेद ३११ मुळे त्यांना चौकशीशिवाय बडतर्फ करणे आणखी अवघड आहे. महापालिका कर्मचारी या न्यायाधिकरणांच्या कक्षेत येत नाहीत. त्यांनी कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचा विचार करावा.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते.

१८. मी एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आहे. ही उत्तरे मला लागू होतात का?

नाही. तेथे मोठ्या कंपन्यांसाठीच्या लस-अथवा-चाचणी नियमाला सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी स्थगिती दिली आणि त्याच दिवशी संघीय निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांसाठीचा नियम लागू होऊ दिला. तोही २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. खासगी मालकाला मात्र स्वतःचे धोरण ठेवता येते, काही राज्यांनी त्यावर बंधने घातली आहेत, आणि अपंगत्व व धर्म या कारणांसाठी वाजवी सोय मागता येते. नोकरी गेल्यास व्हिसाधारकाला साधारणपणे ६० दिवसांचीच सवलत असते. त्यामुळे तेथील वकिलाचा सल्ला नकार कळवण्यापूर्वी घ्यावा.